मापाचा खड्डा

आमच्या घरात कुणाचे वय विचारले तर आज्जीने वर्षाचा आकडा सांगितल्याचे मला आठवत नाही. मधले चुलते कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधीच्या दिवाळीतले, आणि धाकटी आत्या 'दुष्काळात पोटात होती, पहिल्या पावसाला झाली', एवढेच तिचे उत्तर असे. 'दुष्काळ' म्हटले की कुठला, असे विचारण्याची आमच्याकडे कुणाला गरज पडत नसे. त्यानंतर दुष्काळ किती तरी आले, परंतु नुसत्या त्या शब्दावर हक्क राहिला तो बहात्तरचाच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्या काळच्या बहुतेक मुलांची जन्मतारीख १ जून अशी लिहिली, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत असे आणि वय मोजायला ती तारीख सोयीची होती. आत्याच्या दाखल्यावरही १ जून १९७३ आहे. गावातल्या बाकीच्यांच्या बाबतीत अंदाजाने टाकलेली ही तारीख तिच्या बाबतीत मात्र दहा-बारा दिवसांच्या फरकाने खरी निघाली, कारण त्या वर्षीचा पाऊस जूनमध्ये आला आणि त्याच सुमारास ती जन्मली.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. मात्र राज्याचा इतिहास म्हणून शाळेत जे शिकले, त्यात आज्जीच्या या पंचांगाला कुठे जागा नव्हती, हे मला मोठेपणी फार जाणवू लागले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, १ मे १९६० चा मंगल कलश, मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दी हे सारे होते आणि ते असायलाच हवे. परंतु १९७२-७३ मध्ये या राज्यातली माणसे सकाळी उठून कुठे जात होती, दिवसभर काय करत होती आणि संध्याकाळी काय खात होती, हे मला पुस्तकाने सांगितले नाही. ते आज्जीने सांगितले, आणि तेही एका बैठकीत नव्हे, तर शेंगा फोडताना, वाती वळताना, एस.टी.ची वाट पाहताना, तुकड्यातुकड्याने.

आमचे गाव माण तालुक्यातले, साताऱ्याच्या पूर्वेकडचे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरात जो पाऊस हजारो मिलिमीटरांनी पडतो, तो त्याच जिल्ह्यातल्या या टोकाला येईपर्यंत पाचशेच्या आतबाहेर उरतो. बाजरी, मटकी आणि हुलगा ही इथली पिके, परतीचा पाऊस बरा झाला तर शाळू, आणि घरोघरी हुलग्याचे माडगे. या मुलखातल्या माणसांच्या तोंडी एक क्रियापद आहे: 'जगायला जाणे'. कुणी मुंबईला गेला, कुणी कृष्णाकाठी गेला, मेंढरे घेऊन कुणी घाट उतरून कोकणात गेला, की गावात म्हणतात, 'ते जगायला गेलेत.' कामाला, पोटासाठी, नशीब काढायला अशी दुसरी शब्दयोजना कुणी करत नाही. आपले गाव हे राहण्याचे ठिकाण असून जगण्याचे ठिकाण दुसरीकडे असते, ही गोष्ट माणदेशाने भाषेतच मान्य करून टाकली आहे, आणि तो शब्द ऐकला की मला अजून पोटात तुटते.

आजोबा असेच जगायला गेले होते, गिरणीत. महिन्याला मनिऑर्डर येत असे, सुगीला आणि गणपतीला ते स्वतः येत. आज्जी, तीन लेकरे, तिची सासू आणि खिल्लार बैलांची एक जोडी असे घर गावात होते. १९७० पासून पाऊस ओढ देत होता. सलग दोन वर्षे पिके कमी आली आणि १९७२ चा पावसाळा तर जवळजवळ कोरडाच गेला. एका वर्षाचा दुष्काळ असता तर कणगीतले धान्य, उसनवार आणि गाठीचे दागिने यांवर घर तरून गेले असते. परंतु ती दोन वर्षे हे सगळे हळूहळू खाऊन बसली होती, आणि तिसऱ्या वर्षी घरात खायला फक्त हात उरले, असे आज्जी म्हणे. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे, अहमदनगर, नाशिक, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद या सगळ्या पट्ट्यात कमीअधिक प्रमाणात हेच चालले होते.

मग कामे निघाली. सरकारी कागदात त्यांना टंचाईची कामे म्हणत असतील, गावात त्यांना 'दुष्काळी काम' म्हणत. कुठे रस्ता, कुठे नालाबंडिंग, कुठे खडी केंद्र, कुठे पाझर तलाव. मे १९७३ मध्ये, म्हणजे त्या दुष्काळाच्या सर्वांत कठीण महिन्यात, महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख भरली होती. म्हणजे तान्ही बाळे, म्हातारेकोतारे, मुंबई-पुण्याची शहरे हे सगळे धरूनही राज्यातल्या दर दहा माणसांमागे एक माणूस त्या महिन्यात उन्हात माती उपसत किंवा दगड फोडत होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. आज्जी सांगत असे ती गोष्ट आमच्या घरापुरती आहे असे मी तोवर समजत होते.

आमच्या गावाला पाझर तलावाचे काम आले. पाझर तलाव म्हणजे कालवा काढून शेताला पाणी देणारे धरण नव्हे. ओढ्याच्या वाटेत मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटू द्यायचे, एवढेच त्याचे काम. दिसायला साधा वाटणारा हा बांध घालणे मात्र साधे नसते. आधी ओढ्याच्या आडव्या अंगाला पक्का थर लागेपर्यंत खोल चर खणायचा. तो चर काळ्या चिकण मातीने भरायचा, पाणी मारून आणि दाबून, म्हणजे बांधाखालून पाणी निसटणार नाही. मग मधोमध काळी माती आणि दोन्ही अंगांना मुरूम असे थरावर थर चढवत जायचे, पाण्याकडच्या उतारावर दगड रचून घ्यायचे, आणि एका टोकाला जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा काढायचा. आज जेसीबी आणि रोलर घेऊन काही आठवड्यांत होईल असे हे काम गावातल्या आणि शेजारच्या वाड्यांमधल्या बायाबापड्यांनी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहून उभे केले.

'आमी चौघीजणी व्हतो,' आज्जी सांगे. 'दोघी टिकाव मारायच्या, दोघी पाटी टाकायच्या. दुपारपासनं अदलाबदल.' त्या चौघींचेही नवरे जगायला गेलेले होते, त्यामुळे खणायला पुरुष माणूस नव्हता आणि टोळी बायकांचीच झाली. रोज सकाळी ओव्हरसियरचा माणूस दोरी लावून प्रत्येक टोळीला चौकोन आखून द्यायचा. माती काढताना खड्ड्याच्या मध्ये एक मातीचा खुंट तसाच राखायचा, त्याला टिकाव लावायचा नाही. आठवड्याच्या शेवटी माप घेणारा येई, त्या खुंटावरून जमीन मुळात किती उंच होती ते पाही, टेप लावून लांबी, रुंदी, खोली लिहून घेई आणि त्यावरून पगार निघे. माप झाले की मगच तो खुंट पाडायचा. आज्जीला हे फार आवडले होते असे तिच्या सांगण्यावरून वाटे. शेतात दुसऱ्याच्या बांधावर रोजगाराला गेले तर पुरुषाला एक भाव आणि बाईला एक भाव असे, आणि तो का, हे कुणी विचारत नसे. इथे मात्र खड्ड्यातून किती माती निघाली यावर पैसे होते, आणि खड्ड्याला तो कुणी खणला हे ठाऊक नव्हते. 'मापाला बाई-बापय कळत न्हाई,' हे तिचे शब्द आहेत.

माती वाहताना चुंबळ घसरली की डोक्यावरचे केस जात. दुपारी बाभळीच्या विरळ सावलीत लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या असत आणि त्यांत निजलेल्या लेकरांवर लक्ष ठेवायला एखादी म्हातारी बसवलेली असे. पाणी पाजणाऱ्या बाईलाही हजेरी मिळे. आज्जीचे पोट दिसू लागल्यावर मुकादमाने तिला टिकाव सोडून पाणी पाजण्याच्या कामावर घेतले. त्याचे ते उपकार ती शेवटपर्यंत बोलून दाखवत असे. एवढ्या गर्दीत मुकादम वाईटही होते, खोटी नावे लावणारेही होते, अशा गोष्टी मी इतरांकडून ऐकल्या आहेत. आमच्या आज्जीच्या वाट्याला भला माणूस आला, म्हणून आत्या आज आहे असे आम्ही मानतो.

खाण्याविषयी मात्र वडील अधिक बोलतात, कारण ते तेव्हा बारा वर्षांचे होते आणि बारा वर्षांच्या मुलाला भूक सर्वांत जास्त आठवते. कामावर सुकडी मिळत असे. पीठ, गूळ आणि पौष्टिक जिनसा एकत्र करून केलेला तो कोरडा, गोडसर खाऊ कामावरच्या माणसाने तिथेच खावा अशी अपेक्षा होती. आज्जी आपल्या वाटणीची अर्धी सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणी. संध्याकाळी बांधाच्या वाटेला तोंड करून बसलेली तीन लेकरे त्या गाठीकडे आधी बघत आणि मग आईच्या तोंडाकडे बघत, हे सांगताना वडिलांचा आवाज आजही बदलतो. दुसरे होते मिलो. रेशनवर अमेरिकेतून आलेली ही लाल ज्वारी मिळे. शाळूची पांढरी भाकरी खाणाऱ्या माणसांना ती दिसायलाच परकी वाटली. पिठाला चिकटाई नाही, भाकरी थापताना कडेने भेगा पडत, तव्यावर उलटताना तिचे दोन तुकडे होत. 'ढोरांची जवारी' असे तिला नाव पडले आणि ज्या तोंडांनी नाव ठेवले त्याच तोंडांनी ती खाल्ली. तिच्याबद्दल कुरकुर करणाऱ्या माणसांचा राग मला कधी आला नाही. भुकेल्या माणसालाही चव असते, आणि दुसऱ्याने दिलेले खाताना ती अधिकच जागी असते.

मिलोबरोबरच गाजर गवत आले, असे आमच्याकडे सगळे ठामपणे सांगतात. हे मात्र खरे नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यातच पुण्यात त्याची नोंद झालेली आहे, आणि ते त्या वेळच्या आयात गव्हातून आले असावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण आमच्या माळावर ते लोकांच्या डोळ्यांत भरले ते दुष्काळानंतर, मोकळ्या पडलेल्या रानांत, म्हणून गावाने त्याचा जन्मही दुष्काळाच्या खात्यावर टाकला, जसा माझ्या आत्याचा टाकला. लोकांच्या आठवणीत तारखा चुकतात, हे मला आता दोष वाटत नाही. कुठली गोष्ट कुठल्या दुःखाच्या शेजारी ठेवली आहे, हे त्या चुकीतून नेमके कळते.

जनावरांची आठवण सर्वांत अवघड. माणसांना काम मिळाले, धान्य मिळाले, पण कडबा कुठून आणायचा? आमची खिल्लार जोडी आज्जीच्या सासूने वासरे असल्यापासून वाढवलेली. बाजारात बैलाला कवडीमोल भाव आला होता. एक बैल दावणीलाच गेला. दुसरा, तो उभा राहू शकत होता तोवर, कुणा ओळखीच्याने कृष्णाकाठी नेला. विकला की नुसता दिला, हे घरात कधीच स्पष्ट बोलले गेले नाही. पुढे पाऊस झाला, पेरणी आली, आणि त्या वर्षी आमच्या शेतात शेजाऱ्याच्या बैलांनी पाभर ओढली. रिकाम्या दावणीवर आज्जीच्या सासूने वर्षभर कुणाला सरपणही ठेवू दिले नाही.

आजोबा त्या वर्षी मुंबईत होते म्हणून घरी पैसे येत होते, पण मुंबईतही रेशनची रांग आणि वाढते भाव होतेच. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्या याच काळात. गावाकडे आपली बायको टिकाव घेऊन उभी आहे आणि इथे या बाया लाटणे घेऊन उभ्या आहेत, असे आजोबांना तेव्हा वाटले असेल का, हे विचारायचे माझे राहून गेले. दोन्हीकडच्या बायका एकाच गोष्टीसाठी उभ्या होत्या, हे मला तरी स्पष्ट दिसते.

आता हजेरीपटाविषयी. गावात त्याला मस्टर म्हणतात आणि मीही तेच म्हणते. आज्जीच्या आयुष्यात तिचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिले गेले ते त्या मस्टरवर. जमीन सासऱ्यांच्या नावावर, शिधापत्रिका नवऱ्याच्या नावावर, मनिऑर्डर सासूच्या नावे. मस्टरवर मात्र तिचे स्वतःचे नाव, पुढे नवऱ्याचे नाव, त्यापुढे दिवसांचे चौकोन आणि शेवटी तिचा अंगठा होता. बाजाराच्या आदल्या दिवशी पगार होई. दिवसाला दोन-अडीच रुपये पडत असतील असे ती सांगे. ते पैसे सासूच्या हातात द्यायचे, हा घराचा रिवाज होता आणि तिने तो मोडला नाही. पण पहिल्या पगाराचे पैसे सासूने मोजून परत तिच्या हातात दिले आणि म्हणाली, 'तूच ने बाजारात, तुझं हायती.' ही एवढी गोष्ट सांगायला आज्जीला दर वेळी पाच मिनिटे लागत, कारण मध्येच ती थांबे. दुष्काळाने माझ्या आज्जीला काही दिले असे मी म्हणणार नाही, कारण त्याने जे नेले ते मी वर लिहिले आहे. तिला जे मिळाले ते तिने मोजून खणलेल्या खड्ड्याने दिले.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर, माण नदीवर राजेवाडीचा तलाव आहे. जुने लोक त्याला म्हसवडचा तलाव म्हणतात. तोही दुष्काळाचेच काम आहे, पण १८७६-७७ च्या. दौंड-मनमाड रेल्वेच्या भरावाची मातीही त्याच दुष्काळातल्या माणसांनी टाकलेली. आज त्या मार्गाने गाडीतून जाताना आपण कुणाच्या पाट्यांवरून चाललो आहोत, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्या दुष्काळात इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापून ती दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला त्यात जगता येत नव्हते. जानेवारी १८७७ मध्ये दख्खनच्या कामांवरून माणसे टिकाव टाकून निघून गेली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने अर्जविनंत्या करत उभी राहिली. त्याच वर्षी जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाची मंडळी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवत होती. त्या वेळी एवढे होऊनही माणसे लाखोंनी मेली.

१९७२-७३ मध्ये तशी मेली नाहीत. पिकांचा विचार केला तर हा दुष्काळ कमी भयंकर नव्हता, तरीही माणसे जगली, आणि याचे मुख्य कारण ती कामे होती, असे या विषयाचे जाणकार सांगतात. ९६ वर्षांच्या अंतराने त्याच मुलखात, त्याच उन्हात, तोच टिकाव आणि तीच पाटी होती. फरक एवढाच होता की काम मागणे हा माणसाचा हक्क आहे, असा विचार मधल्या काळात कुणीतरी गांभीर्याने केला होता. तो विचार करणारे वि. स. पागे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे ते दीर्घकाळ सभापती होते. १९६५ मध्ये त्यांनी आपल्या भागात, मागेल त्याला काम देऊन बघण्याचा प्रयोग केला, आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याने स्वीकारली. दुष्काळ संपल्यावरही ती चालू राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी झालेल्या कायद्याची मुळे इथल्या मातीत आहेत, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे मला वाटते. गड-किल्ल्यांचा अभिमान आपण सांगतोच, त्याच सुरात हाही सांगावा.

योजनेला पैसा हवा होता, म्हणून १९७५ पासून नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. मी शिक्षिका आहे. दर महिन्याला माझ्या पगारातून २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असे वर्षाला २,५०० रुपये त्या नावाने कापले जातात. नोकरीच्या पहिल्या वर्षी ही कपात कशाची, असे मी विचारले तेव्हा कुणाला नीट सांगता आले नाही. पुढे कित्येक वर्षांनी मला त्याचा उगम कळला तेव्हा मी पगाराची ती चिठ्ठी आज्जीला नेऊन दाखवली आणि समजावून सांगितले की शहरातल्या पगारदारांकडून हा पैसा घेऊन तुमच्यासारख्यांची कामे काढायची असे ठरले होते. तिने चष्मा लावून चिठ्ठीवरून बोट फिरवले. 'म्हंजे तू आता मस्टर भरतीयास,' ती म्हणाली.

या सगळ्या कामांचे मी गुणगान करते आहे, तरी त्यांतली उणीव मला दिसत नाही असे नाही. खडी केंद्रांवर फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी रस्त्याकडेला वर्षानुवर्षे पडून राहिले. भर उन्हात माणसांनी फोडलेला दगड तसाच पडून राहावा, ही मला त्या माणसांची अवहेलना वाटते. ज्या श्रमातून पाणी अडले असते ते खडीत गेले, ही हळहळ तेव्हाही काहींना वाटली होती. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायतीचे, म्हणजे पाणी सगळ्यांनी वाटून घेण्याचे काम उभे करणारे विलासराव साळुंखे त्या वाटेकडे वळले ते हीच दुष्काळी कामे पाहून. पाझर तलावांचेही पुढे हाल झाले. बांध आमच्या बायांनी घातला, पण गाळ काढण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे कुणी ठरवले नाही, आणि पाणी मुरण्याच्या तळाला गाळाचा लेप बसत गेला. २०१२-१३ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली, तेव्हा आज्जी सत्तरीची होती. छावणी बघायला घेऊन चल म्हणून तिने हट्ट धरला. तिथे रांगेने बांधलेली जनावरे, समोर टाकलेला ऊस, पाण्याचे टँकर हे सगळे ती बराच वेळ बघत राहिली. बहात्तरला विहिरीच्या तळाला पाणी होते पण धान्य नव्हते, आता दुकानात धान्य आहे आणि विहिरीत पाणी नाही, असे त्या वर्षी सगळेच म्हणत होते. आज्जी तसले काही बोलली नाही. एका खिल्लार बैलाच्या वशिंडावर हात ठेवून ती म्हणाली, 'असं तवा का न्हाई सुचलं कुणाला?'

ती गेल्यावर मला तिचा तो अंगठा बघावासा वाटला. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. इतक्या जुन्या कामांची मस्टरे मुदत संपल्यावर ठेवत नाहीत, असे मला सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्यांनी ते आस्थेने सांगितले. गावातल्या पाझर तलावाच्या सांडव्याजवळ एक दगड आहे, त्यावरची अक्षरे झिजली आहेत, आणि जी वाचता येतात त्यांत माती वाहणाऱ्या कुणाचे नाव नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात गावी गेले होते. आज्जीच्या त्या टोळीतल्या एकच जणी आता हयात आहेत, आमच्या भावकीतल्या थोरल्या काकी. वय पंचाऐंशीच्या पुढे, कंबरेत वाकलेल्या, पण काठी टेकत अजून चालतात. तलावाकडे येता का, असे मी विचारले तर लगेच चपला घातल्या. तलाव कोरडा होता. बांधावर त्या चढल्या नाहीत, मला घेऊन बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडच्या माळावर गेल्या. बांधासाठी मुरूम उचलला ती ही जागा, असे त्यांनी सांगितले. आधी मला काहीच दिसले नाही. मग ऊन उतरणीला लागून सावल्या लांबल्या तसे माळावर उथळ, कडा झिजलेले चौकोन दिसू लागले, एकाला लागून एक, ओळीने, दूरवर. पन्नास पावसाळ्यांनी ते निम्म्याहून अधिक भरून काढले होते, त्यांत कुसळी गवत आणि तरवड उगवला होता.

काकी काठीने एकेक चौकोन मोजत पुढे गेल्या, मध्ये थांबल्या, पुन्हा मागे आल्या आणि एकाच्या कडेवर उभ्या राहिल्या.

'ह्यो आमचा,' त्या म्हणाल्या. 'आन् त्या कोपऱ्यात तुझी आज्जी.'

खड्ड्यात कुणाची तरी चार मेंढरे वाऱ्याच्या आडोशाला बसली होती. काकींनी त्यांना उठवले नाही. काठी टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या शेजारी.